काळजीवाहू बप्पा

बप्पांच्या घरातला गॅस आजवर कधी संपलेला नाही. बप्पा त्याला संपायला सवडच देत नाहीत. शेगडीची टाकी निम्म्यावर आली की दुसरीसाठी नंबर लागतो, आणि ती निम्म्यावर आली हे बप्पा टिचकी मारून, कान लावून ठरवतात. सकाळी सहाच्या एसटीसाठी ते पहाटे चारला स्टँडवर जाऊन बसतात. एसटी वेळेच्या आधी सुटल्याचं आमच्याकडं कुणाच्या ऐकिवात नाही; पण बप्पांचं म्हणणं, ‘कधीतरी पहिल्यांदा सुटंलच की.’ लग्नात सगळ्यांचं लक्ष नवरा-नवरीकडं असतं, तेव्हा बप्पा मांडवाच्या वायरी बघत असतात. पंगतीला बसताना दाराजवळची जागा धरतात. आचाऱ्याकडं भडका उडालाच तर बाहेर पडायला बरं.

वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणायची मराठवाड्यात रीत आहे. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला त्यात गणपती दिसतो. तसे आमचे बप्पाही विघ्नाच्याच खात्यातले, फक्त ते विघ्न हरत नाहीत, हेरतात.

त्यांची सगळी नोकरी परभणीच्या कृषी विद्यापीठात गेली. १९७२ साली निघालेलं हे विद्यापीठ. पुढं त्याला वसंतराव नाईकांचं नाव लागलं. बप्पा तिथं हवामानाच्या नोंदी ठेवायच्या कामावर होते. सकाळी तापमापीसमोर उभं राहायचं, आकडा वहीत उतरवायचा, पर्जन्यमापकात काही पडलंय का बघायचं आणि बहुतेक वेळा काही पडलेलं नाही असं लिहायचं. पेपरात हिवाळ्यात ‘परभणी गारठली’ आणि उन्हाळ्यात ‘परभणी तापली’ अशा बातम्या यायच्या, त्यातले पुष्कळ आकडे बप्पांच्या डोळ्यांखालून गेलेले. थोडक्यात, आभाळाकडं संशयानं बघण्याचा त्यांनी आयुष्यभर पगार घेतला. निवृत्तीनंतर तेच काम ते विनावेतन करतात.

काळजी करणारी माणसं सहसा झुरतात, वाळतात. बप्पांची तब्येत मात्र ठणठणीत आहे, कारण काळजी ते स्वतःजवळ ठेवतच नाहीत. सकाळी फिरायला निघाले की वसमत रोडवर काळ्या कमानीपर्यंत जाईतो ती चार-पाच जणांत वाटून मोकळे होतात. मग ते चार-पाच जण झुरतात.

२०२०च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्याला चीनकडं बघायला वेळ नव्हता. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला निधी द्यायची घोषणा झालेली, त्यावरून शिर्डी बंद झालेली, आणि चौकाचौकात प्रत्येक जण साईबाबांचा पाथरीकडचा पाहुणा असल्यागत बोलत होता. अशा गडबडीत बप्पांनी वुहानचं नाव काढलं. पेपर चाळता चाळता कुणीतरी म्हणालं, “बप्पा, कुठं वुहान अन् कुठं वसमत!”

बप्पांनी चष्मा काढला. “जगात जर्मनी, भारतात परभणी, असं तुम्हीच म्हणता का न्हाई?”

“हौ.”

“जर्मनीत घुसलाय म्हणायलेत. मग आता नंबर कुणाचा?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. परभणीच्या माणसाला ही म्हण लहानपणापासून पाठ असते. तिचा असा उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

फेब्रुवारीत कोंबडीवर आळ आला. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, असं मोबाइलवर फिरलं आणि कोंबडीचा भाव पार पडला. खाणारे मटणाकडं वळले, मटण वर गेलं. बप्पा शाकाहारी. तरीही त्यांनी काळजी केली. “कोंबडी नाही विकली तर कोंबडीवाला मका घेणार नाही. मका नाही विकला तर आपल्या भावकीतले आपल्याला उसने मागणार.” हसलो आम्ही. पण मका खरोखरच पडला, आणि बप्पांच्या दोन चुलत भावांचे फोनही आले.

मार्च उजाडला आणि कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायला लागला. सरकारनं जनजागृतीसाठी ही धून बसवली होती: आधी एक कोरडा खोकला, मग सूचना. ही गोष्ट पहिल्या दिवशी बप्पांना ठाऊक नव्हती. त्यांचा मुलगा पुण्याला, हिंजवडीत कामाला. रात्री त्यांनी त्याला फोन लावला आणि कानाचा फोन तसाच धरून माझ्या दारात आले.

“मास्तर, पोरगं खोकायलंय.”

“बोलला का तुमच्याशी?”

“कशाचं बोलतंय! खोकलं, अन् फोन एका बाईनं घेतला.”

मागून काकूंचा आवाज आला. “कोण बाई?”

“काय माहीत. शिकलेली वाटायली. हिंदीत बोलायली. हात धुवा म्हणायली.”

काकूंच्या डोक्यातून कोरोना तिथल्या तिथं गेला. गेली तीन वर्षं त्या पोरासाठी स्थळं बघत होत्या, आणि इथं रात्री नऊ वाजता त्याच्या खोलीत हिंदी बोलणारी बाई फोन उचलत होती. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हात धुवा म्हणायली म्हणजे स्वच्छ तरी दिसतीय.”

उलगडा झाल्यावर बप्पांपेक्षा काकूंचाच जास्त हिरमोड झाला असं मला वाटलं. त्यानंतर ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण सापडले, तेही पुण्यातच, दुबईहून परतलेले. बप्पा म्हणाले, “मी खोकला ऐकला तो उगीच न्हाई.”

मग मास्कची धांदल सुरू झाली. दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० आणि सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपये, असे भाव केंद्रानं २१ मार्चला ठरवून दिले. बप्पांनी ते कात्रण खिशात घालून मेडिकल गाठलं. दुकानदारानं कात्रण आदरानं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, “या भावात माल आला की पहिला तुम्हाला, बप्पा.” शेवटी काकूंनी कपाट उघडलं. आमच्याकडं कुठल्याही कपाटात लग्नाकार्यातून आलेल्या ब्लाऊजपिसांचा असा साठा असतो, की ती कुणी शिवत नाही, फक्त पुढच्या लग्नात पुढं सरकवतो. त्या पिसांना अखेर मोक्ष मिळाला. बप्पा मोरपंखी रंगाचा, जरीच्या काठाचा मास्क लावून फिरू लागले. त्यावर पुन्हा दस्ती बांधायचे. बोललेलं कुणाला कळायचं नाही, त्यामुळं प्रत्येक काळजी दोनदा सांगावी लागायची.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू बप्पांनी पाळला तसा पंतप्रधानांनीही पाळला नसेल. पाच वाजता थाळ्या वाजवायच्या होत्या. वेधशाळेचा माणूस, पाच म्हणजे पाच. त्यांनी रेडिओवर घड्याळ मिळवून घेतलं होतं. पण गल्लीत चार पंचावन्नलाच कुणीतरी ठोकलं आणि बप्पांची नोंद चुकली. तोवर काकूंनी नणंदेकडून आलेली पितळी परात काढली होती. परातीवर नणंदेचं नाव घातलेलं. काकूंनी उलथन्यानं जो जोर लावला, त्यात आरोग्यसेवकांविषयी कृतज्ञता किती आणि बाकीचं किती, हे मी सांगू शकत नाही. परातीला पोचा आला एवढं खरं.

२४ तारखेला रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या लॉकडाउनची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. साडेआठला किराणा दुकानांपुढं झुंबड उडाली. साखरेच्या गाठी घ्यायला निघालेली माणसं तेलाचे डबे घेऊन परतली. मी पिशवी घेऊन धावत निघालो तर बप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. पाय लांब केलेले. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

“बप्पा, किराणा?”

“भरलाय.”

“गॅस?”

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

त्या रात्री मला बप्पा जरा समजले असं वाटतं. जे भाकीत ते आयुष्यभर करत आले, ते सरकारनं टीव्हीवर येऊन सांगितलं होतं. आता बाकीचं शहर त्यांच्या पातळीला आलं होतं, आणि या खात्यात बप्पा सर्वांत सेवाज्येष्ठ. दुसऱ्या दिवसापासून लोक कंपाउंडच्या भिंतीआडून सल्ला विचारू लागले. ज्वारीत लिंबाचा पाला घालायचा की बोरिक पावडर? तांदळाला एरंडेल लावलं तर किती महिने? बप्पा प्रत्येकाला सविस्तर सांगत. आवाजात चक्क मार्दव आलं होतं.

फक्त एक घोटाळा झाला. बप्पांच्या यादीत सगळं होतं: तूरडाळ, काडेपेट्या, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, बीपीच्या गोळ्या, तंबाखूचे पुडे. चुना नव्हता. चुन्याची डबी पानटपरीवर कायम फुकट भरून मिळते, त्यामुळं ती यादीत घालावी असं कुणाला सुचत नाही. टपऱ्या बंद. दोन दिवस कळ काढून तिसऱ्या दिवशी बप्पा दवाखान्याची जुनी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. चौकात बंदोबस्ताला पोलीस होता. आदल्याच दिवशी त्यानं दोन पोरांना उठाबशा काढायला लावलेल्या.

“बप्पा, कुठं?”

“मेडिकलात.”

त्यानं चिठ्ठी हातात न घेता लांबूनच वाचली. वर तारीख दोन वर्षांपूर्वीची. खाली गोळ्या, आणि त्याखाली डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं : रोज सकाळ-संध्याकाळ चालणे.

“डॉक्टरनंच लिहून दिलंय,” बप्पा म्हणाले.

पोलीस हसला. उन्हानं रापलेला, थकलेला माणूस. सकाळपासून त्याच जागी उभा. मग इकडंतिकडं बघून त्यानं हळूच विचारलं, “बप्पा, तंबाखू हाय का जवळ?” बप्पांनी पुडा काढला, बॅरिकेडवर ठेवला आणि चार पावलं मागं सरकले. पोलिसानं पुढं येऊन चिमूट घेतली, खिशातली चुन्याची डबी तिथंच ठेवली आणि तोही चार पावलं मागं सरकला. दोन देशांत कैद्यांची अदलाबदल व्हावी तसा तो व्यवहार झाला. लाठी नाही, उठाबशा नाहीत. पुढचे काही आठवडे हा करार दोन्ही बाजूंनी निष्ठेनं पाळला गेला.

खरी कसोटी पाण्याची होती. वीस सेकंद हात धुवा, दिवसातून अनेकदा धुवा, असं फोनमधली ती शिकलेली बाई सांगायची. तिला परभणीची कल्पना नसावी. आमच्या शहरात तेव्हा नळाला पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. बप्पांनी मापाचं भांडं घेतलं आणि वीस सेकंदांत नळातून किती पाणी जातं ते मोजलं. दीड लिटर. दोन माणसं, दिवसाला दहा-दहा वेळा, म्हणजे तीस लिटर. दहा दिवसांचे तीनशे. “कोरोनानं नाही, हात धुवून मरू,” ते म्हणाले.

मग तांब्याची पद्धत निघाली. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं धुवायचं, खाली घमेलं ठेवून ते पाणी लिंबोणीला. पण बप्पांचे हात स्वच्छ झाले की तांब्या त्यांच्या हातात यायचा, आणि त्या तांब्याला काकूंचे न धुतलेले हात लागलेले. म्हणजे आधी तांब्या धुवायला हवा. कशानं? दुसऱ्या तांब्यानं. तो कुणी धरायचा? ही चर्चा मी भिंतीवरून ऐकत होतो. सकाळचा चहा होऊन गेला, उन्हं ओट्यावर आली, तरी घरात कुणाचेच हात धुऊन झाले नव्हते. शेवटी बप्पांनी तोडगा काढला. पाण्याच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून ती लिंबोणीच्या फांदीला टांगली आणि भोकात आगपेटीची काडी खोचली. काडी काढली की बारीक धार, खोचली की बंद. स्वतःवर खूश होऊन त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंनी बाटली बघितली, काडी बघितली.

“अन् काडीला हात कोण लावायचा? धुतलेला का न धुतलेला?”

बप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

अफवा तर रोज नवी. कुठल्याशा गावात एक लेकरू जन्मताच बोललं, कोरा चहा प्या म्हणालं आणि गेलं, असे फोन एका रात्री घराघरात आले. मध्यरात्री चुली पेटल्या. बप्पा विज्ञानाचे माणूस. हे सगळं खोटं आहे, असं त्यांनी मला कोरा चहा पीत पीत सांगितलं. “खोटं निघालं तर काय, दूध तर वाचलं.” पेपरवरही त्यांचा संशय होता. पोरगा पेपर टाकून गेला की ते चिमट्यानं उचलून गच्चीवर उन्हात वाळत घालायचे आणि दुपारी खाली आणायचे. त्यामुळं बातम्या त्यांना अर्धा दिवस उशिरा कळायच्या, पण कडक.

मध्येच त्यांच्या मनात आलं, शहरापेक्षा गाव बरं. गाव पोखर्णीच्या पुढं, गंगाखेडच्या वाटेवर. भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, “दादा, येऊ नका. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्यात, गाडी आडवी लावलीय. बाहेरचा माणूस दिसला की पोरं शाळेत नेऊन कोंडायलेत.”

“म्या बाहेरचा?”

“शहरातला प्रत्येक जण बाहेरचाच, दादा. मोठी माय आली तरी तिला चौदा दिवस शाळेत.”

आयुष्यभर सगळ्या जगापासून सावध राहिलेल्या माणसापासून पहिल्यांदाच जग सावध झालं होतं. बप्पांना ते लागलं. त्यांनी भावाला काळजी घ्यायच्या सूचना द्यायला सुरुवात केली, तर भावानं मध्येच तोडलं. खरेदी बंद पडलेली, कापूस घरातच होता. निजायच्या खोलीत थप्पी, ओसरीवर थप्पी; लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली. शेजाऱ्याचं टरबूज शेतात फुटत होतं, न्यायला गिऱ्हाईक नव्हतं. “तुमचा तो विषाणू डोळ्याला दिसत न्हाई, दादा. कापूस दिसायलाय.” फोन ठेवल्यावर बप्पा बराच वेळ कापसाचं बोलत होते, आणि त्यात दोनदा न सांगावं लागलेलं हे मी त्यांचं पहिलंच बोलणं ऐकलं, कारण मास्क काढला होता.

एप्रिलमध्ये बप्पांचा सिद्धांत जोरात होता. विषाणू उन्हात टिकत नाही. पारा चाळीसच्या वर गेला की खलास. बाकीच्यांनी हे मोबाइलवर वाचलं होतं, बप्पांकडं तापमानाच्या वह्या होत्या. “परभणीचा उन्हाळा माणसाला सोडत न्हाई, त्याला काय सोडतोय!” आणि आकडेही त्यांच्याच बाजूनं होते. औरंगाबादला मार्चच्या मध्यातच रुग्ण निघालेला, पण परभणीची रोजची नोंद शून्य. संध्याकाळी भिंतीशी येऊन ते विचारत, “आपलं?” मी म्हणे, “शून्य.” मग ते मोबाइलवरची जिल्ह्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचून दाखवत: जालना, बीड, लातूर, नांदेड. पुण्याची ओळ आली की बोट जरा थांबायचं आणि आकडा न वाचता पुढं जायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला हिंगोलीत रुग्ण सापडला. हिंगोली म्हणजे १ मे १९९९पर्यंत परभणीच. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा बप्पांनी फार हळहळ केली होती. आता म्हणाले, “वाटणी झाली ते बरं झालं, मास्तर. न्हाईतर आज तो आकडा आपल्या नावावर पडला असता.”

महिन्याच्या मध्याला, पारा चाळिशीच्या घरात असताना, परभणीतही पहिला रुग्ण निघाला, पुण्याकडून आलेला. गल्लीत दारं-खिडक्या फटाफट बंद झाल्या. मला वाटलं, बप्पा खचले असतील. भिंतीवरून डोकावलो तर ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

“सुटलो बाबा,” म्हणाले. “रोज रोज वाट बघून जीव मेटाकुटीला आला होता.”

उन्हाचा सिद्धांत त्यांनी मागं घेतला नाही, दुरुस्त केला. चाळीस पुरत नसावेत, पंचेचाळीस लागत असतील.

मे अखेरीला ऊन असं काही होतं की गच्चीवरचा पेपर वाळण्याऐवजी करपायचा. जिल्हाबंदी होतीच, परजिल्ह्यातून यायचं तर ई-पास, आणि आल्यावर चौदा दिवस वेगळं. आम्ही आता कोरोनाला सरावलो होतो, वैतागलो होतो, एकमेकांना किस्से सांगू लागलो होतो. एका दुपारी बप्पा लगबगीनं भिंतीशी आले. बऱ्याच दिवसांनी दस्ती विसरले होते. तोच जुना, मार्दव नसलेला आवाज.

“मास्तर, ऐकलं का? अमरावतीत टोळधाड आलीय. वर्ध्याकडं, नागपूरकडं सरकायली. हिरवं म्हणून काही ठेवीना.”

मी म्हटलं, “अमरावती लांब आहे, बप्पा.”

“वुहान लांब नव्हतं का?” त्यांनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मला एक सांगा. पाकिस्तानातून राजस्थान, राजस्थानातून मध्य प्रदेश, तिथून अमरावती. माझ्या पोराला पुण्याहून यायला पास मिळंना, अन् एवढ्या बॉर्डरी ओलांडताना त्या टोळांना कुणीच इचारलं नाही?”